कोट, डबा आणि ते रजिस्टर

"नमस्कार. वय 41. वाडीला एका वितरण कंपनीच्या गोदामात बिलिंग सेक्शन सांभाळते. अकरा वर्षं झाली. हाताखाली चौदा जण, त्यात नऊ मुली. जानेवारीत नवे रिजनल हेड आले. बसतात मुंबईला, महिन्यातून दोन दिवस येतात, विमानतळावरून थेट एसी केबिनमध्ये. तेव्हापासून दर पंधरवड्याला एक सर्क्युलर. सोमवारी ऑफिस स्टाफने ब्लेझर घालायचा, कारण त्या दिवशी हेड ऑफिसचा व्हिडिओ कॉल असतो. टेबलावर पाण्याची बाटली ठेवायची नाही. डब्यात 'उग्र वासाचे पदार्थ' आणायचे नाहीत. साडेनऊला चेहरा दाखवायचं मशीन. माणसं सत्तर, मशीन एक, आणि 9:35 नंतर चेहरा लागला की अर्धा दिवस कट. मार्चपासून बाथरूमचं रजिस्टर आलं. नाव, गेल्याची वेळ, आल्याची वेळ, सात मिनिटांच्या वर गेलं तर कारण. ते माझ्या टेबलावर असतं, प्रत्येक ओळीवर माझी सही लागते. शनिवारच्या मीटिंगमध्ये एचआरचा मुलगा सेक्शनवार सरासरी वाचून दाखवतो. आमच्यातल्या एका मुलीने जेवणाच्या सुट्टीपर्यंत पाणी पिणंच सोडलं, एप्रिलमध्ये इन्फेक्शन होऊन चार दिवस घरी होती. साहेबांना काही सांगायला जावं तर 'बी पॉझिटिव्ह' म्हणतात. मिस्टर म्हणतात, सगळीकडे हेच आहे, गप राहा. सेक्शनमधले पोट्टे म्हणतात, ताई, यंदा मारबतीच्या मिरवणुकीत या साहेबाचाच बडग्या, म्हणजे टिंगलीचा पुतळा, काढू. मुलगा दहावीत, फ्लॅटचा हप्ता चालू. राजीनामा देऊ का? — वैतागलेली, मानेवाडा"

ताई,

ब्लेझरपर्यंत मी हसत होते. नवतपा, उन्हाळ्यातले सर्वांत तापलेले ते नऊ दिवस, तोंडावर आलेला, पारा 45 ला टेकलेला आणि वाडीच्या पत्र्याखाली माणसं कोट घालून बसलेली. आपल्याकडे या दिवसांत माणूस डोक्या-तोंडाला दुपट्टा गुंडाळून, खिशात कांदा टाकून घराबाहेर पडतो. त्या दुपट्ट्याखाली कोट कसा दिसत असेल, ते मी दोन मिनिटं नुसतं डोळ्यांसमोर आणत बसले. अलीकडे नागपुरात उन्हाळ्यात चौकांतल्या सिग्नलवर थांबणाऱ्यांसाठी हिरव्या जाळ्या लावतात. म्हणजे महापालिकेला कळलं (आणि महापालिकेला सहसा काही लवकर कळत नाही), तुमच्या साहेबांना कळायचं आहे.

मग रजिस्टरची ओळ आली आणि हसू आवरलं. 'प्रत्येक ओळीवर माझी सही लागते.' बाकीच्या तक्रारींच्या गर्दीत तुम्ही ती जाता जाता लिहून गेलात. मला सगळं पत्र तिथेच सापडलं. ब्लेझर तुमच्या अंगावर चढवला, बाटली तुमच्या टेबलावरून उचलली, डब्यावर नजर ठेवली, अर्धा दिवस कधी ना कधी तुमचाही कापला असेल. हे सगळं तुमच्यावर होतंय. रजिस्टर मात्र तुमच्या हातून होतंय. रात्री झोप येत नसेल ती त्याच्यापायी, कोटापायी कुणाची झोप उडत नाही.

हे मी उंचावर बसून बोलत नाही. अशी सही मीही केलीय. हिंगणा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी बावीस वर्षं पर्सोनेलला होते. तिथे मशीन शॉपमध्ये चार वाजता चहाची ढकलगाडी यायची. नवे वर्क्स मॅनेजर एकदा नेमके चार वाजून दहा मिनिटांनी राउंडला आले आणि गाडीभोवती आठ-दहा जण उभे दिसले. दुसऱ्या दिवशी हुकूम सुटला. गाडी बंद, चहा कँटीनमध्ये. कँटीन होतं गेटजवळ, शॉपपासून पाच मिनिटांच्या चालीवर. जायला पाच, यायला पाच, काउंटरवर रांग, आणि एवढं चालून गेल्यावर तंबाखू मळणं ओघानेच आलं. दहा मिनिटांचा चहा पंचवीस मिनिटांवर गेला. ती नोटीस माझ्या हातची होती. 'सर्व कामगार बंधूंना कळविण्यात येते की' वगैरे. हे चुकतंय हे मला त्या दिवशीही दिसत होतं. मी शुद्धलेखन तपासलं आणि बोर्डावर लावली.

अकरा महिन्यांनी ती मागे घेतली गेली, तीही माझ्यामुळे नाही. लेथवर एक फोरमन होते, बोलायला तुसडे, दोन शब्दांवर तिसरा नाही. ते रोज एका चिठ्ठीवर एवढंच लिहायचे, लेथ बंद किती वाजता, चालू किती वाजता. 'चहा' हा शब्द त्यांनी कुठेच लिहिला नाही. एका महिन्याच्या प्रॉडक्शन मीटिंगमध्ये टार्गेट का हुकलं, अशी विचारणा झाली तेव्हा त्यांनी खिशातून चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढून साहेबांपुढे ठेवला. साहेबांनी स्वतःच बेरीज केली. पुढच्या सोमवारी गाडी परत आली. नोटीस लिहायला अर्थात मीच.

तुमच्या गोदामातला लेथ कोणता, ते आधी शोधा. वरच्या माणसाला 'आम्हाला त्रास होतो' हे ऐकू येत नाही, तिथे 'बी पॉझिटिव्ह' तयार असतं. किती बिलं अडली, गाडी डॉकवरून किती उशिरा सुटली, हे ऐकू येतं.

चेहऱ्याच्या मशीनपासून सुरुवात करा, तिथे तुमची बाजू सर्वांत भक्कम आहे. दुपट्टा सोडायचा, घाम पुसायचा, चष्मा काढायचा, मशीन म्हणणार 'पुन्हा प्रयत्न करा', मागचा म्हणणार 'बाप्पा, आटपा ना'. सगळं सुरळीत झालं तरी माणशी आठ सेकंद धरा. सत्तर माणसांचे झाले पाचशे साठ सेकंद, म्हणजे नऊ मिनिटं वीस सेकंद. सगळेच्या सगळे 9:28 ला दारात हजर असले तरी 9:35 पर्यंत बावन्न जण आत जातात. उरलेले अठरा जण वेळेवर येऊन अर्धा दिवस गमावतात. एक आठवडा त्या रांगेत पहिला चेहरा कधी लागला आणि शेवटचा कधी, एवढं लिहून काढा. आठ सेकंदांच्या जागी तुमच्याकडे खरा आकडा येईल, आणि तो आठाहून मोठाच निघेल अशी माझी पैज.

कायदाही इथे तुमच्या बाजूने आहे. गैरहजेरीबद्दल पगार कापायचा तर जेवढा वेळ माणूस गैरहजर, तेवढ्याच प्रमाणात कापता येतो. 1936 च्या वेतन प्रदान कायद्यात हे होतं, 2019 च्या वेतन संहितेतही आहे. सहा मिनिटांपायी चार तासांचा पगार गेला की ती कपात राहत नाही, तो दंड होतो. आणि दंड लावायचा तर कशाकशाला दंड आहे ते सरकारची मंजुरी घेऊन आधी जाहीर केलेलं लागतं, माणसाला आपलं म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते, आणि एका पगारात सगळा दंड मिळून त्या पगाराच्या 3 टक्क्यांच्या वर जाता कामा नये. वसूल झालेली रक्कम नोंदवहीत दाखवून कामगारांच्याच उपयोगाला आणावी लागते, मालकाच्या गल्ल्यात टाकता येत नाही. एचआरच्या त्या मुलाला एकदा हसत हसत विचारा, दंडाचं रजिस्टर कुठे आहे रे? बाथरूमचं रजिस्टर ठेवणाऱ्या ऑफिसात हे रजिस्टर बहुधा नसतं.

यावर साहेब म्हणतील, मग शिस्त नको का? हवी की. हा प्रश्न नागपूरला नवा नाही. 1 जानेवारी 1877 ला इथे एम्प्रेस मिल सुरू झाली तेव्हा जमशेटजी टाटांपुढे हाच पेच होता. माणसं रोज येईनात. आज आला तो उद्या शेतावर, परवा कुणाच्या लग्नाला. दंड लावणं, काढून टाकणं हे सोपं होतं. त्यांनी प्रॉव्हिडंट फंड आणि विमा सुरू केला, बक्षिसांचे दिवस ठेवले, त्यात घड्याळं वाटली. मिलमध्ये हवा दमट ठेवणारी यंत्रं आणि आग विझवणारे फवारे बसवले. 1886 ला पेन्शन फंड आणला, 1895 पासून अपघाताची भरपाई द्यायला लागले. आता मिल राहिली नाही, गांधीसागरजवळ त्या जागेवर मॉल उभा आहे. साहेब पुढच्या वेळी आले की तिथे कॉफी प्यायला जातील कदाचित. त्यांच्याशी बोलताना हा किस्सा जरूर काढा. मॅनेजमेंट शिकून आलेल्या माणसाला कामगार कायदा सांगितला की तो आखडतो. टाटा सांगितले की डायरीत लिहून घेतो.

आता ते रजिस्टर.

मार्चमध्ये नेमकं काय घडलं होतं, ते आधी शोधा. असले नियम आभाळातून पडत नाहीत. साहेबांनी मुंबईहून फोन केला असेल, तो कुणी उचलला नसेल, किंवा राउंडला आले त्या पाच मिनिटांत तीन खुर्च्या रिकाम्या दिसल्या असतील. आमच्या मॅनेजरांना चार-दहाची गाडी दिसली तसंच. त्यांच्या मनातला प्रश्न 'फोन कोण घेणार' एवढाच असेल तर त्याचं उत्तर तुम्ही देऊ शकता, आणि ते बाथरूमच्या दारातून जात नाही.

आणि हिशेब करा. चौदा जण, दिवसातून चारदा धरले तर छप्पन्न नोंदी. पेन शोधणं, घड्याळ बघणं, तुमची सही, मिळून अर्धं मिनिट एकेकीला. रोजची अठ्ठावीस मिनिटं. महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर बारा तास. अकरा वर्षं मुरलेल्या सुपरवायझरचा महिन्याला दीड दिवस कंपनी कोण किती वेळ आत होतं हे लिहिण्यात घालवते. हा तुमचा लेथ.

मग तोंडी काही न बोलता असा एक मेल करा. मी लिहून देते, शब्द तुमचे घाला.

'सर, 1 तारखेपासून बिलिंग सेक्शनमध्ये कामाच्या वेळेत कधीही किमान दहा जण जागेवर असतील, ही जबाबदारी मी घेते. सात जोड्या ठरवल्या आहेत. एक जण उठला की जोडीदार त्याचा फोन आणि बिलं बघेल. त्यामुळे प्रसाधनगृहाचे रजिस्टर माझ्या सेक्शनमध्ये मी पुढे ठेवणार नाही. रजिस्टर भरण्यात गेलेल्या वेळेचा हिशेब सोबत जोडला आहे.'

एवढंच. त्यात 'अपमानास्पद', 'अमानुष' असले शब्द नकोत. ते खरेच आहेत, पण साहेब त्या शब्दांवर अडून बसतील आणि हिशेबाची ओळ वाचणारच नाहीत. 'ठेवता येईल का', 'विचार व्हावा' असंही लिहू नका. 'ठेवणार नाही' लिहा. त्या मुलीच्या आजारपणाचा उल्लेख तिला विचारल्याशिवाय करू नका, आणि ती हो म्हणाली तरी नाव आणि आजार दोन्ही टाळा. तिचं दुखणं तुमच्या मेलमधला मुद्दा व्हायला नको, शनिवारच्या सरासरीत एकदा होऊन झालंय तेवढं पुरे.

शनिवारचं ते वाचन आधी बंद करा. नऊ मुलींच्या बाथरूमच्या वेळा भर मीटिंगमध्ये वाचून दाखवायच्या, आणि त्यावर मागच्या रांगेत कुणी काही कुजबुजलं नसेल यावर माझा विश्वास नाही. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे 2013 च्या कायद्याने अंतर्गत समिती असायलाच हवी. सत्तर जणांच्या तुमच्या गोदामात ती कागदावर तरी असेल. मुलींवर टोमणे झाले असतील तर जाणार तिथे. आणि पिण्याचं पाणी, प्रसाधनगृह या सोयी देणं राज्याच्या 2017 च्या दुकाने आणि आस्थापना कायद्याने मालकावर बंधनकारक आहे. सोय द्यायची आणि तिच्या दारात घड्याळ लावून बसायचं, हे कामगार आयुक्तांच्या कार्यालयात सांगून बघा, तिथला क्लार्कसुद्धा मान वर करून बघेल.

साहेब नाही म्हणाले तर? तर म्हणा, रजिस्टर आपल्या केबिनमध्ये ठेवते, सही आपली. ते महिन्यातून दोन दिवस येतात, पुढचं त्यांनी बघावं. याची किंमत पडेल, हे तुमच्यापासून लपवत नाही. यंदाची वाढ कमी येईल, 'टीम प्लेयर नाहीत' असं कुठेतरी लिहिलं जाईल, रजिस्टर शेजारच्या टेबलावर जाईल आणि तिथला माणूस तुमच्याकडे बघणार नाही. तरी करा.

राजीनामा आत्ता नको. दुसऱ्या कंपनीचं पत्र हातात पडेपर्यंत तर नाहीच. दहावीचं वर्ष आणि हप्ता ही दोन कारणं तुम्हीच दिलीत, ती पुरेशी आहेत. शिवाय या घडीला राजीनामा दिलात तर रजिस्टर तिथेच राहील आणि तुमच्या जागी येणारी बाई पहिल्या दिवसापासून सही करायला लागेल. पण शोध सुरू करा. नेमणुकीचं पत्र, पगाराच्या स्लिपा, ही सगळी सर्क्युलरं, व्हॉट्सअ‍ॅपवर आली असतील त्यांचे स्क्रीनशॉट, घरच्या मेलवर पाठवून ठेवा. अकरा वर्षं बिलिंग सांभाळलेली बाई वाडीत फुकट जात नाही. तुमच्या गेटसमोरच किती गोदामं आहेत ते एकदा मोजा.

मिस्टरांचं 'सगळीकडे हेच आहे' अर्धं खरं आहे. कोट, डबा, बाटली सगळीकडे असतात. असलं रजिस्टर मी बावीस वर्षांत पाहिलं नाही.

राहिले पोट्टे. त्यांना माझ्याकडून सांगा, बडग्याची कल्पना झकास आहे. ईडा पीडा गावाबाहेर नेणारी मारबत, तिची मिरवणूक नागपूरला जुनीच. 1881 पासून काळी मारबत निघते, 1885 पासून पिवळी, आणि त्यांच्यासोबत नागपूरने कुणाकुणाचे बडगे काढले नाहीत! पण त्याला पोळा उजाडावा लागतो, आत्ता मे चालू आहे. आणि हे 'ईडा पीडा घेऊन जा गे मारबत' ऑफिसच्या ग्रुपवर टाकू नका म्हणावं. रजिस्टरच्या 'कारण' रकान्यात गमतीचे निबंधही लिहायचे नाहीत. त्यांना वाटेल आपण साहेबांची फिरकी घेतली. साहेब त्या पानाचा फोटो काढून मुंबईला पाठवतील, बघा, नागपूरची माणसं कशी आहेत ते, आणि तुमचे चिठ्ठ्यांचे सगळे हिशेब त्या एका फोटोखाली जातील. चेहऱ्याच्या रांगेची वेळ लिहायचं काम त्यांनाच द्या. हात रिकामे राहिले की बडगेच सुचतात.

मेल पाठवायच्या आधी त्या मुलीला बाजूला घेऊन बोला. मी सही करत होते, ते चुकलं, असं साध्या शब्दांत सांगा, कारणं देऊ नका. तिला म्हणावं, उद्यापासून तुझी बाटली माझ्या टेबलावर. कुणी विचारलं तर ती माझी आहे.

ता. क. डब्याचा नियम मी मुद्दाम सोडून दिला. सावजीच्या गावात उग्र वासावर बंदी घालणाऱ्याला तुम्ही-मी काय समजावणार. महिन्यातून जे दोन दिवस ते येतात, त्यातल्या एका दिवशी तर्रीपोहे मागवा आणि पहिली प्लेट त्यांच्या केबिनमध्ये पाठवा. रस्सा वेगळ्या वाटीत द्या. सोमवार असेल तर कोटावर सांडायचा.